धनू कोणाकडे बघतो

धनू कोणाकडे बघतो याबद्दल आमच्या घरात दुमत नव्हतं. धनू आजोबांकडे बघतो. हे आजोबांनीच ठरवलं होतं, त्यामुळे विषय संपला होता.

धनू म्हणजे आमचा नातू. पत्रिकेतलं नाव सुधन्वा, तेही आजोबांनीच शोधलेलं. गाझियाबादला या नावाचा काय चेंदामेंदा होईल ते मी बारशाच्या आधीच सांगून ठेवलं होतं, पण माझं ऐकतंय कोण. आता गेटवरचा गार्ड त्याला ‘सुधनवा जी’ म्हणतो आणि वरच्या मजल्यावरच्या त्यागीबाई सरळ ‘सोनू’ म्हणतात. आजोबा म्हणजे आमचे हे, श्यामकांत. केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर होते, रिटायर झाले. मी अलका. मी अजून कशातूनच रिटायर झालेले नाही.

आमच्या बैठकीच्या खोलीत एक दिवाण आहे, भिंतीला टेकवलेला. मुलगा आशय आणि सून इशिता नोएडाला ऑफिसात जातात. इशिताची रजा संपल्यापासून धनू दिवसभर त्या दिवाणावर. त्याच्या डाव्या हाताला भिंत आणि उजव्या हाताला ह्यांची खुर्ची. हे खुर्चीत बसले की धनू मान वळवून ह्यांच्याकडे बघत राहायचा. नुसता बघायचा नाही हो, टक लावून. मग हे त्याला पेपर वाचून दाखवायचे, हिंदी पेपर, मराठीत भाषांतर करून. दिल्लीच्या पोरांचं मराठी जातं, याचं जाऊ द्यायचं नाही, असा ह्यांचा पण होता. इशिता इथलीच वाढलेली, तिला ‘उंबरठा’ म्हणजे काय ते मला दाखवून सांगावं लागलं होतं, त्याचा वचपा हे नातवावर काढत होते. तीन महिन्यांचं पोर, आणि त्याला महागाई भत्त्याची बातमी.

मी हसायचे, पण वरवर. कारण मला एक गोष्ट माहीत होती. रिटायर झाल्यावर काही दिवसांनी हे जुन्या ऑफिसात चहा प्यायला म्हणून गेले होते. इस्त्रीचा शर्ट घालून, मेट्रोने. गेटवर नवा माणूस होता, त्याने विचारलं, ‘किससे मिलना है?’ ह्यांनी ज्याचं नाव सांगितलं तो मीटिंगमध्ये होता. दुसऱ्याचं सांगितलं, त्याची बदली झालेली. हे तसेच परत आले. मला म्हणाले, चहा बरा नव्हता. नंतर परत कधी तिकडे गेले नाहीत. सकाळी दाढी मात्र ऑफिसच्याच वेळेला करायचे आणि मग घरभर फिरत बसायचे. मी झाडू मारत असले की माझ्या मधे, पोळ्या करत असले की माझ्या मधे.

अशा माणसाच्या पुढ्यात एक पोर जन्माला आलं आणि दिवसभर त्याच्याकडे टक लावून बघायला लागलं. मग काय, स्वारी हवेतच. रोज बगीच्यात जाणं बंद, मित्रांचे फोन बंद. ‘मला उठता येत नाही,’ म्हणायचे फोनवर, ‘मी उठलो की तो कासावीस होतो.’ डोंबल कासावीस. पोर आपलं अंगठा चोखत असायचं.

संक्रांतीला आमचं इथलं मराठी मंडळ बस करून पानिपतला जातं, काला अंबला. दरवर्षीचं आहे. थंडीत कुडकुडत स्मारकापुढे उभं राहायचं, फुलं वाहायची, कोणीतरी भाषण करतं, मग बसपाशी तिळगुळ आणि पुरीभाजी. या वर्षी धनूलाही नेलं, चार स्वेटरांत गुंडाळून. भाषण चालू असताना ह्यांनी धनूला डाव्या हातावर आडवं धरलेलं, त्याचं तोंड ह्यांच्याकडे. आणि हे मंडळाच्या विश्वनाथरावांना दबक्या आवाजात सांगतायत, ‘बघा तुम्ही. एवढी माणसं आहेत, झेंडे आहेत, पण तो दुसरीकडे बघणार नाही. नाहीच बघणार.’ विश्वनाथराव भला माणूस. म्हणाले, ‘श्यामकांतराव, हे ऋणानुबंध असतात.’

झालं. हा शब्द हे पानिपतहून घरी घेऊन आले. मग त्यागीबाईंना ऋणानुबंध, फोनवर पुण्याच्या नणंदेला ऋणानुबंध, दूधवाल्याला ऋणानुबंधाचं हिंदी. माझ्या नाकाला मिरच्या झोंबायला लागल्या. खोटं कशाला बोलू, न्हाऊ घालणारी मी, लंगोट बदलणारी मी, औषधाचे थेंब पाजताना लाथा खाणारी मी, आणि ऋणानुबंध ह्यांचा! मी समोरून कितीही टाळ्या वाजवल्या तरी ते पोर माझ्याकडे ढुंकून बघायचं नाही. मला वाईट वाटायचं. आजीलाही वाटतं.

एक दिवस हे बँकेत गेले होते. मी मटार सोलायला बसायचं म्हणून परात घेतली आणि ह्यांच्या खुर्चीत बसले. बसले मात्र, धनू माझ्याकडे बघायला लागला. टक लावून. अगदी तसाच. मी हसले तर हसला. मी ‘ओ ओ’ केलं तर त्यानेही केलं. माझा तर ऊर भरून आला, मी मनात म्हटलं, ये रे माझ्या राजा, आहे म्हणायचं मला कोणी. मग कुकरची शिटी झाली म्हणून उठले. दारातून मागे वळून पाहते तर धनू खुर्चीकडेच बघतोय. खुर्चीत मटारांची परात होती. परातीकडे तो तेवढ्याच मायेने बघत होता.

मी गॅस बंद केला आणि परत आले. त्याच्या उशाशी उभी राहून चमचा वाजवला, नाही बघितलं. भिंतीच्या बाजूने वाकून हाक मारली, मान अर्ध्यापर्यंत आली आणि अडकली, आणि कळवळून रडायला लागला. पोराची मान डावीकडे वळतच नव्हती. उचलून बघितलं तर डोकंही मागून एका बाजूला चपटं झालेलं. इतके दिवस न्हाऊ घातलं की लगेच टोपरं, थंडीचं, लक्ष कुणाचं जाणार?

त्याच संध्याकाळी मी इशिताला सांगितलं. मान वळत नाही, तेवढं. परातीचं मात्र मी कुणाला सांगितलं नाही. ह्यांना तर नाहीच नाही. हे बँकेतून आले, हातपाय धुऊन खुर्चीत बसले, आणि म्हणाले, ‘बघ, सकाळपासून वाट बघत होता.’ मी मटारांचा भात करायला उठले.

मुलांच्या डॉक्टरांनी धनूला उलटासुलटा करून नीट तपासलं, एक सोनोग्राफीही करून घेतली. घाबरण्यासारखं काही नाही म्हणाले. मानेचा एका बाजूचा स्नायू आखडलेला आहे, आईच्या पोटात एकाच बाजूला दाटीवाटीने राहिल्यावर होतं असं, व्यायामाने सुटेल. इशिताने इंदिरापुरमच्या एका बाईंचं नाव शोधून काढलं होतं, चेतना मॅडम. मूळच्या फिजिओथेरपिस्ट, त्यावर ऑस्टिओपॅथी, म्हणजे नुसत्या हाताने करायचे उपचार, शिकलेल्या, फक्त लहान मुलांचं बघतात. डॉक्टर म्हणाले, ‘जा, व्यायाम त्यांच्याकडून शिकून घ्या. बाकी त्या हळुवार हात लावतात, त्याचा किती उपयोग होतो यावर आमच्यात वाद आहेत, पण त्रास काही नाही. मानेला झटका देणारा कोणी गाठू नका म्हणजे झालं.’

मी म्हटलं, त्यापेक्षा मीच तेल लावते की. आशय दिल्लीच्या हिंदूराव हॉस्पिटलात झाला, घरी आणल्यापासून मी त्याला असा रगडला होता की शेजारची सरदारीण भिंत ठोकायची. इशिता म्हणाली, ‘आई, प्लीज. मानेला नाही.’ तिचं ‘प्लीज’ म्हणजे शेवटचं असतं. आणि ह्यांचं वेगळंच. ‘मानेला काय झालंय? बघतोय की व्यवस्थित,’ म्हणाले. तरी क्लिनिकला निघताना सगळ्यांच्या आधी बूट घालून तयार. मी नसलो तर तो तिथे घाबरेल, म्हणे.

चेतना मॅडम तिशीपस्तिशीच्या, हसऱ्या, आवाज इतका हलका की मला दोनदा ‘क्या?’ म्हणावं लागलं. त्यांनी धनूला गादीवर निजवलं. हात धुतले, चोळून ऊबदार केले. मग एक हात त्याच्या डोक्याखाली सरकवला, दुसऱ्या हाताची बोटं गळ्याच्या बाजूला टेकवली आणि बसून राहिल्या. मी वाट बघत होते की आता सुरू करतील. बराच वेळ गेला. मी इशिताला कोपराने ढोसलं, ‘काय झालं? काही विसरल्या का?’ इशिता म्हणाली, ‘आई, चालू आहे.’

हे चालू आहे! मी कणकेलाही यापेक्षा जास्त जोर लावते. हात ठेवलाय की नाही तेसुद्धा नीट दिसेना. मधेच धनूने ही मोठी जांभई दिली. मॅडम म्हणाल्या, ‘देखिए, ढीला छोड़ रहा है.’ जांभई तर हे पण देत होते. पण एक सांगते, पोर रडलं नाही. जरा कुरकुरलं की मॅडम हात काढून घ्यायच्या आणि थांबायच्या, त्याने परत त्यांच्याकडे बघेपर्यंत. ‘ज़बरदस्ती नहीं करनी, आंटी. उसकी मर्ज़ी से ही होगा.’ आमच्या खानदानात तेल लावताना पोराला मर्जी विचारलेली मी ऐकली नव्हती. पण मला ते आवडलं, का कुणास ठाऊक.

मग त्यांनी विचारलं, ‘घर में इसके राइट साइड कौन बैठता है?’

हे याच प्रश्नाची वाट बघत होते. छाती पुढे काढून म्हणाले, ‘मैं. बिल्कुल नज़र नहीं हटाता. मेरे सिवा किसी को देखता ही नहीं.’

मॅडम हसल्या. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, अगदी प्रेमाने बोलल्या. ‘अंकल, ये आपको नहीं देख रहा. ये राइट में देख रहा है. लेफ्ट में इससे मुड़ा ही नहीं जाता ना, बेचारे से. वहाँ जो भी बैठेगा, उसी को देखेगा.’

मी ह्यांच्याकडे बघायचं टाळलं. इशिता पिशवीत काहीतरी शोधायला लागली. हे म्हणाले, ‘अच्छा.’ एवढंच. सरकारी नोकरीत इतकी वर्षं काढल्यावर ‘अच्छा’ म्हणता येतं माणसाला, कशावरही.

मॅडम पुढे बरंच काही सांगत होत्या. दिवाण भिंतीपासून सरकवा. गंमत असेल ती सगळी डावीकडे ठेवा. दिवसातून अनेकदा पोटावर निजवा, नजर ठेवून. मान हाताने ओढायची नाही, त्यानेच वळवायची, हाक ऐकून. ‘और अंकल, आप लेफ्ट में बैठिए. आप ही बुलाइए उसको. जितना ज़्यादा बोलेंगे उतना अच्छा.’ हे मान डोलावत होते. गाडीत बसल्यावर ह्यांनी खिडकीची काच खाली केली आणि घरापर्यंत बाहेर बघत राहिले. बाहेर हिंडन नदी होती, काळी, वास मारणारी. तिच्याकडे कोणी इतका वेळ बघत नाही.

घरी येऊन आशयने दिवाण खोलीच्या मधोमध ओढला. खुर्ची डाव्या बाजूला मांडली. हे त्या खुर्चीत बसले नाहीत. पेपर घेऊन बाल्कनीत गेले आणि तिथे स्टुलावर बसून मनातल्या मनात वाचायला लागले. दुसऱ्या दिवशीही तेच. जेवायला बोलावलं की यायचे, जेवायचे, ताट उचलायचे, परत बाल्कनी.

मी किती दिवस गप्प बसणार? एकदा कपडे वाळत घालायला बाल्कनीत गेले आणि म्हटलं, ‘अहो, रुसायला तुमचं वय काय? एवढ्याशा पोरावर रुसतात का?’

‘रुसलो कुठे?’

‘मग आत येऊन त्याला हाक मारा. मॅडम काय म्हणाल्या? तुम्हीच बोलवा म्हणाल्या.’

ह्यांनी पेपर घडी केला. परत उघडला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘अलका, मी हाक मारली आणि त्याने नाहीच बघितलं तर?’

‘मान आखडलीय त्याची! कसं बघेल?’

‘आणि मान सुटल्यावरही नाही बघितलं तर?’

माझ्या हातात ओला टॉवेल होता. मी तो पिळला. आधीच पिळलेला होता. खोटं बोलले असते, पण मी खोटं बोललेलं ह्यांना लगेच कळतं. ‘बघेल हो,’ म्हटलं आणि चिमटे लावले. मला इतकी कीव आली ह्यांची, आणि कीव आली की मला राग येतो, माझा स्वभावच मेला तसा. आत येऊन मी धनूवर ओरडले, ‘बघ रे जरा त्या माणसाकडे!’ तो पंख्याकडे बघत होता.

तर मग डावी बाजू माझ्याकडे आली. वाटी-चमचा, खुळखुळा, इशिताचा लाल दुपट्टा, आशयच्या मोबाइलचा दिवा, सगळं करून झालं. पोटावर निजवलं की धनू असा काही किंचाळायचा की खालच्या मजल्यावरून विचारायला यायचे, ‘सब ठीक है?’ मग मी त्याच्या समोर जमिनीवर पालथी पडायचे, या वयात, आणि त्याच्या डोळ्यांना डोळे लावून गाणी म्हणायचे. उठताना मला कोणीतरी धरावं लागायचं. हे बाल्कनीतून यायचे, हात द्यायचे आणि परत जायचे. दिवाणाकडे बघायचेसुद्धा नाहीत. पण माझ्या लक्षात यायचं, मी पोराचा व्यायाम घेत असले की बाल्कनीतल्या पेपरचं पान उलटत नाही.

क्लिनिकच्या फेऱ्या चालू होत्या. मॅडमचा तोच प्रकार, हात ठेवायचा आणि बसून राहायचं. मला आता त्याची सवय झाली होती. खरं सांगू, तिथे बसून मला डुलकी लागायची, आणि माझ्या घरात मला कुठे डुलकी लागत नाही. आणि हळूहळू, मॅडमच्या हाताने म्हणा, माझ्या जमिनीवर लोळण्याने म्हणा, धनूची मान सुटायला लागली. आधी अर्ध्यापर्यंत, मग थोडी पुढे. डोक्याचा चपटेपणाही भरून येत चालला. एक दिवस त्यागीबाई आल्या, डावीकडे बसल्या, ‘सोनू’ म्हणाल्या, आणि धनूने जवळजवळ पूर्ण मान वळवून त्यांच्याकडे बघितलं, आणि हसला.

मी टाळ्या वाजवल्या. मग दारात उभे असलेले हे दिसले. कधी आले होते कोण जाणे. ‘त्यागीबाईंकडेसुद्धा बघतो,’ हे म्हणाले, आणि पाणी प्यायला आत गेले. ‘सोनू’ म्हटलेलं ऐकून ह्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायला हवी होती. गेली नाही. मला तेव्हा खरी काळजी वाटली.

पाडवा झाल्यावरची गोष्ट. मॅडमनी शेवटचं बघायला बोलावलं होतं. आशय टूरवर, इशिताची मीटिंग निघाली. मी म्हटलं, मी एकटी या पोराला आणि पिशवीला आणि कॅबवाल्याला सांभाळू शकत नाही, तुम्हाला यावंच लागेल. हे आले. पिशवी ह्यांच्याकडे, पोर माझ्याकडे.

मॅडमनी धनूला तपासलं, खूश झाल्या. मग त्याला खाली गादीवर उताणा निजवला आणि म्हणाल्या, ‘अब एक चीज़ देखनी है. मुड़ तो जाता है, पर पुरानी आदत है या गई, ये पता करना है. आंटी, आप राइट में बैठिए. अंकल, आप लेफ्ट में. दोनों एक साथ बुलाना. देखते हैं किधर जाता है.’

हे उभेच राहिले. ‘मैं क्यों,’ म्हणाले, ‘आप बैठिए ना.’

‘मुझे देखना है, अंकल. बैठिए.’

हे बसले, गुडघे कडकड वाजवत. धनू मधे पडलेला, पाय हवेत. मी उजवीकडे, म्हणजे ज्या बाजूला त्याची मान आपोआप जायची त्या बाजूला. मॅडमनी ‘वन, टू, थ्री’ म्हटलं. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि समोर ह्यांचा चेहरा दिसला. चाळीस वर्षांत मी ह्यांना घाबरलेलं दोनदा पाहिलंय, आशयला टायफॉइड झाला तेव्हा, आणि आत्ता. ओठ हलले, पण ‘सुधन्वा’ असं जे काही निघालं ते इतकं हळू, की साहेबाकडे रजा मागतानाही कोणी तसं बोलत नाही.

मी तोंड मिटलं. नुसतं मिटून भागणार नव्हतं, बाजू माझी सोपी होती, पोर माझ्याकडेच बघणार. म्हणून मी ओढणी ओढून तोंडावर घेतली आणि गाठोड्यासारखी बसून राहिले. ओढणीतून दिसत होतं मला. धनूने सवयीने उजवीकडे बघितलं. गाठोडं दिसलं. त्याला ते काही पटलं नाही. मान मधे आली. थांबली. मग हळूहळू डावीकडे गेली, गेली, पार कान गादीला टेकेपर्यंत गेली. ह्यांच्याकडे त्याने नीट बघितलं, दात नसलेलं तोंड उघडलं आणि खदखदून हसला.

‘अरे,’ हे म्हणाले. ‘अरे, अरे.’ चष्मा काढून पुसायला लागले.

मी ओढणी खाली केली. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. ‘आंटी, आपने बुलाया नहीं?’

‘बुलाया था,’ मी म्हटलं. ‘धीरे से.’

‘अच्छा. चलिए, अब साइड बदलिए. एक बार और.’

आम्ही उठलो. त्याच्या पायाकडून वळसा घालताना हे माझ्या कानाशी म्हणाले, ‘तोंडावर ओढणी कशाला घेतली होतीस?’

‘पंखा लागत होता.’

‘पंखा बंद आहे.’

हे उजवीकडे बसले, ह्यांच्या जुन्या बाजूला. मी डावीकडे. मी मनात म्हटलं, आता स्वारी अशी फॉर्मात आली आहे की एका हाकेत पोराला ओढून घेईल. घेऊ दे. मला काय, माझं आहे तसं बरं चाललंय. मॅडमनी ‘वन, टू, थ्री’ म्हटलं आणि मी हाक मारली, ‘धनू! ए धनूबाळा!’

पलीकडून हाक आलीच नाही. मी वर बघितलं. हे धनूकडे पाठ करून बसले होते. तोंड भिंतीकडे. हाताची घडी, मान खाली, कान लाल झालेले. धनूने आधी सवयीने त्या पाठीकडे बघितलं. ‘ऊं’ केलं. हे हलले नाहीत. त्याने परत ‘ऊं’ केलं, जरा मोठ्याने, लाडात. ज्या माणसाने पानिपतापर्यंत या नजरेचा डंका पिटला होता, ज्याला आत्ता कुठे ती खरी मिळाली होती, तो माणूस ओठ घट्ट मिटून भिंतीकडे बघत बसला. वळले म्हणून नाहीत.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सरळ सांगते, आलं. इतकं प्रेम मला या माणसाचं त्याआधी कधी वाटलं होतं का, आठवत नाही.

‘वाह!’ मॅडम ओरडल्या. ‘पूरा मुड़ गया! आंटी, देखिए, आप ही को देख रहा है!’

बघत असेल. मी ह्यांच्याकडे बघत होते.